फुकुशिमाचं युनिट १: इंधन वेगळं असतं तर किती वेळ मिळाला असता?

११ मार्च २०११, संध्याकाळचे ६ वाजून १८ मिनिटं. जपानमधल्या फुकुशिमा दाइइची अणुवीजकेंद्राच्या युनिट १ आणि २ ची कंट्रोल रूम एकच, त्सुनामीने वीज गेलेली, लोक टॉर्च घेऊन पॅनेल बघतायत, आणि तेवढ्यात काही दिवे परत लागतात. त्यातले दोन दिवे युनिट १ चा रिअॅक्टर थंड ठेवणाऱ्या आयसोलेशन कंडेन्सरच्या व्हॉल्व्हचे असतात आणि ते सांगतायत की व्हॉल्व्ह बंद आहेत. ऑपरेटर लगेच उघडायचा हुकूम देतात, इमारतीच्या मागे वाफ उठलेली दिसते, जरा धीर येतो, मग ती वाफ दिसेनाशी होते आणि ६ वाजून २५ मिनिटांनी ते व्हॉल्व्ह परत बंद करतात. टेप्को, म्हणजे हे केंद्र चालवणारी कंपनी, तिने नंतर केलेल्या अभ्यासानुसार पाणी इंधनाच्या वरच्या टोकापर्यंत उतरलं होतं ६:१० च्या सुमारास, आणि कोअर, म्हणजे रिअॅक्टरमधला इंधनाचा गाभा, खराब व्हायला लागला ६:५० च्या सुमारास. म्हणजे हे सगळं चालू होतं तेव्हा घड्याळ जवळपास संपलेलंच होतं आणि खोलीतल्या कोणालाच ते दिसत नव्हतं.

ही ४० मिनिटं माझ्या डोक्यातून जात नाहीत, कारण गेली दहा-बारा वर्षं ज्याला अपघात सहन करणारं इंधन म्हणतात, म्हणजे एटीएफ, त्याच्याबद्दल जे काही लिहिलं-बोललं जातं त्यात 'हे इंधन असतं तर फुकुशिमा झालंच नसतं' असा सूर कुठेतरी असतोच. म्हणून म्हटलं हे एकच प्रकरण घेऊन बसावं, आकडे मांडावेत आणि बघावं की खरंच किती फरक पडला असता. एटीएफवर माझा विश्वास आहे, या कामाला पैसा आणि वेळ मिळायलाच हवा असं मला मनापासून वाटतं, आणि त्यासाठीच त्याच्याकडून नेमकं काय मिळतं हे स्वच्छ मांडलेलं बरं.

आधी काय घडलं ते

युनिट १ हा १९७१ पासून चालणारा उकळत्या पाण्याचा रिअॅक्टर, बीडब्ल्यूआर, ४६० मेगावॅट विजेचा, उष्णतेच्या हिशोबात १३८० मेगावॅट. कोअरमध्ये ४०० असेंब्ली, म्हणजे इंधनाच्या कांड्यांचे जुडगे, अंदाजे ६९ टन युरेनियम. २:४६ ला भूकंप, कंट्रोल रॉड आत गेले, साखळी क्रिया थांबली, डिझेल जनरेटर सुरू झाले, सगळं पुस्तकात लिहिल्याप्रमाणे. २:५२ ला आयसोलेशन कंडेन्सर आपोआप चालू झाला. ही साधी आणि फार छान व्यवस्था आहे, रिअॅक्टरची वाफ वर एका टाकीतल्या पाण्यातून फिरते, थंड होऊन पाणी बनते आणि वजनानेच खाली परत येते, पंप लागत नाही. पण तिने रिअॅक्टर इतका झपाट्याने थंड व्हायला लागला की ताशी ५५ अंशांची मर्यादा ओलांडली जाईल म्हणून ऑपरेटरनी ३:०३ ला ती बंद केली आणि नंतर एकच भाग गरजेप्रमाणे चालू-बंद करत राहिले. नियमाप्रमाणे बरोबरच होतं ते. ३:३७ ला त्सुनामीच्या पाण्याने जनरेटर आणि बॅटऱ्या दोन्ही गेले, नेमका कंडेन्सर बंद असताना, आणि कंट्रोलची वीज जाताना सुरक्षा लॉजिकने व्हॉल्व्ह मिटायचा सिग्नल देऊन टाकला. आतले व्हॉल्व्ह किती मिटलेत हे बाहेरून कळायला काही मार्गच नव्हता.

मग रात्र. ९:१९ ला पाण्याची पातळी मोजणारं मीटर परत चालू झालं तर ते म्हणतंय पाणी इंधनाच्या २० सेंटीमीटर वर आहे. ते खोटं होतं, कारण ज्या पाण्याच्या स्तंभाशी तुलना करून मीटर पातळी दाखवतं तो स्तंभच उकळून गेला होता, पण हे त्या रात्री कसं कळणार. फायर इंजिनमधून गोडं पाणी आत जायला लागलं १२ तारखेच्या पहाटे ४ च्या सुमारास, सलग जायला लागलं ५:४६ ला. दुपारी ३:३६ ला हायड्रोजनचा स्फोट होऊन इमारतीचा वरचा मजला उडाला.

थोडक्यात या प्रकरणाचा सगळ्यात महत्त्वाचा आकडा: वीज गेल्यापासून पहिलं पाणी पोचेपर्यंत साधारण सव्वाबारा तास, आणि सलग पाणी सुरू होईपर्यंत १४ तास. हा आकडा लक्षात ठेवा, पुढचं सगळं याच्याशीच लावून बघायचंय.

झिर्कोनियमचा दोष कुठे आहे

इंधन म्हणजे युरेनियम डायऑक्साइडच्या बोटाच्या पेरापेक्षाही लहान गोळ्या, पेलेट, त्या एकावर एक रचून लांब बारीक नळीत भरलेल्या, आणि नळी म्हणजे क्लॅडिंग, झिर्कोनियमच्या मिश्रधातूची. झिर्कोनियम का, तर ते न्यूट्रॉन जवळजवळ खातच नाही. सुरुवातीच्या काही रिअॅक्टरमध्ये स्टेनलेस स्टीलच्या नळ्या होत्या पण स्टील न्यूट्रॉन खातं, मग युरेनियम जास्त समृद्ध करावं लागतं. अमेरिकन नौदलाच्या पाणबुडी प्रकल्पाने १९५० च्या आसपास झिर्कोनियमचा रस्ता धरला, त्यातून न्यूट्रॉन खाणारं हाफ्नियम वेगळं काढायचं तंत्र बसवलं, आणि नागरी वीजकेंद्रांनी तेच उचललं. नेहमीच्या ३०० अंशांना ही धातू फार गुणी आहे, वर्षानुवर्षं पाण्यात राहते, तक्रार नाही.

अडचण वर आहे. १२०० अंशांच्या पुढे वाफेशी तिची क्रिया सैराट सुटते, वाफेतला ऑक्सिजन ओढून घेते, हायड्रोजन सोडते आणि वर भरपूर उष्णता देते. अमेरिकन नियमात क्लॅडिंगची कमाल मर्यादा १२०४ अंश आणि ऑक्सिडेशन १७ टक्के धरलंय. मर्यादा गाठल्याबरोबर नळी वितळते असं काही नाही. त्यापुढे गेल्यावर नळी ठिसूळ होते, थंड पाणी पडल्यावर फुटू शकते आणि क्रियाही हाताबाहेर जायला लागते, त्यासाठी ती रेघ आहे.

एक किलो झिर्कोनियम पूर्ण जळलं तर साधारण ४४ ग्रॅम हायड्रोजन निघतो, म्हणजे जवळपास अर्धा घनमीटर, आणि साडेसहा मेगाज्यूलच्या आसपास उष्णता. किलोला हे किरकोळ वाटतं. १० टन जळलं असं धरा, मग ४४० किलो हायड्रोजन आणि ६४ हजार मेगाज्यूल. ही उष्णता वीस मिनिटांत बाहेर पडली तर ती ५० मेगावॅटच्या वर जाते.

आता याच्या शेजारी डिके हीट ठेवा. साखळी क्रिया थांबली तरी विखंडनातून तयार झालेले किरणोत्सारी तुकडे उष्णता देतच राहतात, बंद केल्या क्षणी ६-७ टक्के, तासाभराने दीड टक्क्याच्या खाली, तीन-चार तासांनी १ टक्क्याच्या आसपास. युनिट १ साठी तो आकडा १३ मेगावॅट धरूया. म्हणजे क्लॅडिंग पेटल्यावर रसायनाची उष्णता अणूच्या उष्णतेच्या चौपट होऊ शकते. एटीएफचा सगळा युक्तिवाद या एका तुलनेवर उभा आहे आणि तो युक्तिवाद खरा आहे. वाफेशी भांडणारी नळी काढून शांत बसणारी नळी घातली तर ही चौपट उष्णताही जाते आणि हायड्रोजनही जातो.

आता युनिट १ मध्ये नवं इंधन घालून बघू

हा हिशोब कच्चा आहे, कागदावरचा, उष्णता कुठेच बाहेर जात नाही असं धरून केलेला, पण दिशा कळायला पुरेसा आहे. ६९ टन युरेनियम म्हणजे ऑक्साइड ७८ टन, झिर्कोनियम ३० टन धरूया. एवढ्या मालाचं तापमान १ अंशाने चढवायला साधारण ३४ मेगाज्यूल लागतात. १३ मेगावॅटने चढवायचं तर मिनिटाला साधारण २३ अंश. ३०० पासून १२०० पर्यंत जायला ४० मिनिटांच्या आसपास. टेप्कोच्या ६:१० ते ६:५० शी हे जुळतं, अर्थात खऱ्यात पातळी वरून खाली हळूहळू उतरत होती आणि वाफ थोडं थंड करत होती, त्यामुळे या जुळण्यावर मी फार भर देणार नाही.

या पहिल्या टप्प्यात नवं इंधन जवळजवळ काहीच बदलत नाही, हे नीट लक्षात घ्या. १२०० पर्यंत तापवणारी उष्णता डिके हीट आहे आणि ती युरेनियमच्या तुकड्यांची आहे, तिला नळी कशाची बनवलीय याच्याशी देणंघेणं नाही. फरक पडतो तो १२०० च्या पुढे. जुन्या नळीत तिथून झिर्कोनियमच्या वितळण्याच्या १८५० अंशांपर्यंतचा प्रवास काही मिनिटांत उरकतो कारण नळी स्वतःच तापवायला लागते. क्रियाच होत नाही असं धरलं तर तोच प्रवास २३ च्या दराने २८ मिनिटांचा. आणि नळी इतकी चांगली आहे की पेलेट वितळेपर्यंत, म्हणजे २८०० अंशांच्या आसपास, टिकते असं धरलं तर अजून ४० मिनिटं. खऱ्या कोअरमधून उष्णता बाजूलाही जाते, म्हणून उदार मनाने सगळं मिळून दीड-दोन तास म्हणू.

आणि पाणी पोचायला लागले सव्वाबारा तास.

युनिट १ चा निकाल इथेच लागतो. जगातलं सगळ्यात चांगलं इंधन असतं तरी त्या रात्री तो कोअर वितळलाच असता, रात्री आठच्या ऐवजी कदाचित दहाला. कोअर खाली पडल्यावर खालच्या काँक्रीटशी क्रिया होऊन तिथूनही हायड्रोजन आणि कार्बन मोनॉक्साइड निघतात, त्यामुळे स्फोटाचा धोकाही पूर्ण गेला नसता. २०१५ मध्ये म्युऑन कणांनी युनिट १ चं चित्र काढलं तेव्हा कोअरच्या जागी इंधनाचा मोठा ढीग दिसलाच नाही, आणि २०२३ मध्ये रोबोटने आत जाऊन पाहिलं तर रिअॅक्टर ज्या काँक्रीटच्या पायावर बसलाय त्याचं काँक्रीट खालच्या भागात गायब होऊन नुसत्या सळया उघड्या दिसत होत्या. एवढी उष्णता तिथे होती, तिला वाट द्यायला त्या रात्री कोणीच पोचू शकलं नाही.

मग हे सगळं काम फुकट का? अजिबात नाही. शेजारी बघा.

युनिट ३ आणि २ ची गोष्ट वेगळी आहे

युनिट ३ मध्ये बॅटरी वाचल्या होत्या. वाफेवर चालणारे पंप १२ मार्चभर पाणी देत राहिले, शेवटचा ऑपरेटरनी १३ तारखेला पहाटे २:४२ ला हाताने बंद केला, आणि फायर इंजिनचं पाणी सुरू झालं ९:२५ ला. पावणेसात तासांची पोकळी. (टेप्कोने २०१४ मध्ये सुधारित अंदाज दिला की तो पंप आदल्या रात्री आठच्या सुमारासच काम करेनासा झाला होता, म्हणजे पोकळी प्रत्यक्षात मोठी होती.) युनिट २ चा पंप तर सगळ्यांच्या अपेक्षेपेक्षा जास्त, जवळपास तीन दिवस चालला, १४ तारखेला दुपारी १:२५ ला तो गेला असं धरलं गेलं, आणि समुद्राचं पाणी आत जायला लागलं संध्याकाळी ७:५४ ला.

या युनिट २ मधली एक गोष्ट फार बोचते. ६ च्या सुमारास दाब उतरायला लागला, ७ च्या सुमारास फायर इंजिनचं पाणी आत जाऊ शकेल अशी स्थिती आली, आणि ७:२० ला बघतात तर इंजिन डिझेल संपून बंद पडलेलं. परत भरून चालू करेपर्यंत ७:५४. नुसती अर्धा-पाऊण तासाची चुकामूक, आणि ती अशा वेळी की कोअर उघडा पडलेला होता. इथे वर काढलेली २८ मिनिटं आणि ४० मिनिटं एकदम खरी किमतीची होतात. तोवर डिके हीटही उतरलेली असते, अर्ध्या टक्क्याच्या आसपास, म्हणजे तापायचा वेगही कमी आणि लागणारं पाणीही कमी. युनिट ३ साठी १२ मेगावॅट आणि ९४ टन युरेनियम घेऊन तोच कच्चा हिशोब केला तर १२०० ते १८५० ला २८ च्या ऐवजी ४०-४५ मिनिटं येतात.

आणि दुसरा फायदा वेळेपेक्षाही मोठा आहे असं माझं मत झालंय: उशिरा पाणी ओतण्याची मुभा. तापलेल्या झिर्कोनियमवर पाणी टाकलं की क्षणात वाफ, वाफेला क्रिया करायला लालभडक धातू, आणि हायड्रोजनचा झपाटा. अमेरिकेतल्या थ्री माइल आयलंड अणुवीजकेंद्रात २८ मार्च १९७९ ला कोअर उघडा पडल्यावर एक कूलंट पंप चालू केला तेव्हा नेमकं हेच झालं. म्हणजे उपाय करायला जावं तर तो उपायच थोडा वेळ आगीत तेल ओततो. जर्मनीत कार्ल्सरूहेला क्वेंच नावाची चाचणी व्यवस्था आहे, विजेने तापवलेल्या खोट्या कांड्यांचा जुडगा घ्यायचा, वाफ सोडायची, मग पाण्याने बुडवायचा आणि काय निघतं ते मोजायचं. २०१८ मध्ये तिथे लोखंड-क्रोमियम-अॅल्युमिनियमच्या नळ्यांचा जुडगा तापवला, ज्याला फेक्राल म्हणतात, आणि झिर्कोनियमच्या तशाच जुन्या चाचणीत साधारण ४७ ग्रॅम हायड्रोजन निघाला होता तिथे याच्यात साधारण ९ ग्रॅम निघाला. पंचमांश. आणि तोही जास्त वेळ तापवून.

युनिट ३ च्या हायड्रोजनने दोन इमारती गेल्या हे अनेकांच्या लक्षात नसतं. १४ तारखेला ११:०१ ला स्वतःची, आणि १५ ला पहाटे युनिट ४ ची, जिथे कोअरमध्ये इंधनच नव्हतं, वायू सामायिक व्हेंट पाइपमधून उलटा तिकडे गेला होता. या स्फोटांनी होजपाइप फाटले, फायर इंजिन खराब झाली, माणसं जखमी झाली, जोडत आणलेल्या केबल तुटल्या. युनिट १ चा स्फोट नसता तर शेजारच्या युनिटचं काम किती सोपं झालं असतं याचा विचार करा. हायड्रोजन पाचपट कमी होणं म्हणजे बाहेर राबणाऱ्या लोकांना पाऊल टाकायला जागा राहणं, आणि मला एटीएफचं सगळ्यात मोठं देणं हेच वाटतं.

कोणती नळी, आणि प्रत्येकीचं काय दुखतं

सगळ्यात पुढे गेलेला पर्याय सगळ्यात साधा आहे, आहे त्याच झिर्कोनियमच्या नळीवर क्रोमियमचा १०-२० मायक्रॉनचा थर. केसाच्या जाडीच्या पाव भागाइतका. न्यूट्रॉनचं नुकसान नगण्य, कारखाना बदलावा लागत नाही, नेहमीच्या चालवण्यातही झीज आणि गंज कमी. पण याच्या मर्यादा ठळक आहेत. क्रोमियम आणि झिर्कोनियम एकमेकांना लागून १३३२ अंशांना वितळायला लागतात, दोघांच्याही स्वतःच्या वितळणबिंदूच्या कितीतरी खाली. म्हणजे मी वर जो १८५० पर्यंतचा प्रवास धरला तो या थराला पूर्ण लागूच होत नाही, त्याची कमाई १२०० ते १३०० च्या पट्ट्यात, आणि त्याआधीच्या गंजात. शिवाय थर फक्त बाहेरून. नळी फुगून फुटली की वाफ आत शिरते आणि आतून उघडं झिर्कोनियम तयारच असतं. फुगणं थोडं कमी होतं, फुटणं थोडं लांबतं, एवढं खरं. आणि युनिट १ सारख्या बीडब्ल्यूआरच्या पाण्यात ऑक्सिजन जास्त असतो, तिथे शुद्ध क्रोमियम हळूहळू विरघळू शकतं, म्हणून त्या रिअॅक्टरांसाठी थराचं वेगळं मिश्रण लागतं.

फेक्राल हायड्रोजनच्या बाबतीत सरस, वाफेत त्याच्यावर अॅल्युमिनाची, म्हणजे अॅल्युमिनियम ऑक्साइडची, घट्ट साय धरते. पण न्यूट्रॉन झिर्कोनियमच्या जवळजवळ दहापट खातं, म्हणून नळी पातळ करा किंवा युरेनियम जास्त समृद्ध करा, आणि ट्रिशियम, म्हणजे किरणोत्सारी हायड्रोजन, त्यातून सहज झिरपतं. वितळतं १५०० अंशांच्या आसपास, म्हणजे झिर्कोनियमच्याही आधी! ऐकून चमकायला होतं, पण जळत नसल्यामुळे तिथपर्यंत पोचायलाच जास्त वेळ लागतो, असा तो सौदा आहे.

सिलिकॉन कार्बाइडच्या विणलेल्या धाग्यांची नळी हे खरं मोठं स्वप्न, ती वितळतच नाही, फार वर गेल्यावर विघटन पावते. पण सिरॅमिक आहे, बारीक चिरा पडल्या की विखंडनातले वायू बाहेर, टोकाचं झाकण पक्कं जोडणं अवघड, आणि रोजच्या गरम पाण्यात ती किंचित विरघळत राहते. लवकर होणार नाही ते काम, पण सोडू नये.

पेलेटच्या बाजूला युरेनियम सिलिसाइडचा अनुभव शिकण्यासारखा आहे. उष्णता वाहून न्यायला ऑक्साइडपेक्षा कितीतरी चांगलं, युरेनियमही त्याच जागेत जास्त, कागदावर विजेता. मग वाफेत टाकून बघितलं तर गोळीचा भुगा. नळीला भोक पडलेला एखादा रॉड, म्हणजे इंधनाची कांडी, रिअॅक्टरमध्ये अधूनमधून असतोच, त्यामुळे पाणी लागल्यावर भुगा होणारं इंधन म्हणजे नवीनच दुखणं. वेस्टिंगहाउस या अमेरिकन कंपनीने ते मागे ठेवून आधी क्रोमिया, म्हणजे क्रोमियम ऑक्साइड, आणि अॅल्युमिना घातलेली ऑक्साइडचीच गोळी पुढे आणली. या गोळीत दाणे मोठे असतात, वायू जास्त धरून ठेवते, नळीवर जोर कमी देते. वितळण्याचं तापमान मात्र तेच.

अजून एक गोष्ट, जी मला वाचायला मिळते त्यापेक्षा खूप जास्त बोलली जायला हवी. बीडब्ल्यूआरच्या कोअरमध्ये नुसते इंधन रॉड नसतात. कंट्रोल ब्लेड असतात, म्हणजे साखळी क्रिया थांबवणारी पाती, स्टेनलेस स्टीलच्या आवरणात बोरॉन कार्बाइड, आणि ही जोडी १२०० च्या थोडं वर एकमेकांत विरघळून वाहायला लागते. शिवाय प्रत्येक असेंब्लीभोवती चौकोनी चॅनेल बॉक्स असतो, तोही झिर्कोनियमचाच. म्हणजे तुम्ही रॉडची नळी कितीही सुधारली तरी शेजारचं ब्लेड त्याआधी पाघळतं आणि डबा पेटतो. मी वर काढलेल्या २८ आणि ४० मिनिटांना इथे कात्री लागते. युनिट १, २, ३ तिन्ही बीडब्ल्यूआर होते, त्यामुळे फुकुशिमाचं नाव घेऊन एटीएफ विकताना ब्लेड आणि चॅनेल बॉक्सचं काय केलं हे सांगितलंच पाहिजे.

वितळूच नये असं इंधन हवं असेल तर ते आहे, ट्रिसो, एक मिलिमीटरपेक्षा लहान दाणे, प्रत्येकावर कार्बन आणि सिलिकॉन कार्बाइडचे थर, १६०० अंशांपर्यंत दम धरणारे. चीनमधल्या शिदाओवानच्या रिअॅक्टरवर २०२३ मध्ये शीतकरण मुद्दाम तोडून बघितलं आणि तो आपोआप निवळला. पण तिथे इंधनाबरोबर रिअॅक्टरही वेगळा आहे, कोअरच्या घनमीटरला ३ मेगावॅट उष्णतेच्या आसपास, तर दाबाच्या पाण्याच्या रिअॅक्टरमध्ये १०० च्या घरात. आज चालू असलेल्या कोअरमध्ये नुसतं इंधन बदलून ते मिळत नाही.

मिळालेली जागा कुठे खर्च होतेय

अमेरिकन संसदेने अपघातानंतर वर्षभरात ऊर्जा खात्याला या कामाला लावलं, २०२२ पर्यंत खऱ्या रिअॅक्टरमध्ये नमुने घालायचे असं लक्ष्य होतं, आणि ते वेळेच्या आधी झालं ही कौतुकाची गोष्ट आहे. २०१८ ला जॉर्जियातल्या हॅच युनिट १ मध्ये पहिले रॉड गेले, २०१९ ला व्होग्टल युनिट २ मध्ये क्रोमियमच्या थराच्या आणि क्रोमिया घातलेल्या गोळ्यांच्या चार असेंब्ली, त्याच वर्षी बायरन, मग २०२१ ला कॅल्व्हर्ट क्लिफ्समध्ये अशी असेंब्ली जिचे १७६ च्या १७६ रॉड नवे होते.

पण या काळात एक बदल झालाय. हेच इंधन आता ५ टक्क्यांच्या वर समृद्ध युरेनियम, जास्त बर्नअप, म्हणजे तेच इंधन जास्त जाळणं, आणि इंधन बदलायला १८ च्या ऐवजी २४ महिन्यांची सायकल यांच्याबरोबर मांडलं जातंय, आणि एटीएफची फोडही अनेक ठिकाणी 'प्रगत तंत्रज्ञानाचं इंधन' अशी केली जाते. त्यामागचं कारण मला समजतं, वीजकंपनीला परवडलं नाही तर ती नवं इंधन घेणारच नाही आणि मग सुरक्षिततेचा तेवढाही भाग मिळणार नाही. तरीही काळजी वाटते. जास्त जळलेली गोळी अपघातात बारीक तुकडे होऊन फुटलेल्या नळीतून बाहेर सांडू शकते, प्रयोगांत हे दिसलंय. क्लॅडिंगने जी अर्ध्या तासाची जागा कमावली तीच जास्त बर्नअपने खर्च केली तर युनिट २ च्या त्या डिझेल संपलेल्या इंजिनपाशी उभ्या माणसाच्या हातात काहीच उरत नाही. म्हणून परवाना देताना दोन्ही गोष्टींचा हिशोब वेगवेगळा मांडायला लावावा, नव्या नळीने किती मिनिटं वाढवली आणि नव्या चालवण्याने किती कमी केली, अशा दोन ओळी.

आणि युनिट १ साठी जे उत्तर आहे ते इंधनाबाहेरचं आहे. पाण्याच्या वर ठेवलेल्या बॅटऱ्या, वीज गेल्यावर उघडा राहणारा कंडेन्सर व्हॉल्व्ह, खोटं न बोलणारं पातळीचं मीटर, जवळच तयार ठेवलेले फिरते पंप आणि ते जोडायची सराव केलेली माणसं. सव्वाबारा तासांची पोकळी दोन तासांवर आली की मग त्या दोन तासांत काय होतं हे नळी ठरवू शकते.

मला ज्या चाचणीची वाट आहे ती अशी: नव्या नळ्या, त्यांच्याभोवती चॅनेल बॉक्स आणि मध्ये खरं कंट्रोल ब्लेड, पूर्ण जुडगा १२०० च्या वर न्यायचा आणि मग उशिरा पाणी सोडायचं. नॉर्वेचा हाल्डेन रिअॅक्टर २०१८ ला कायमचा बंद झाला, इंधनाच्या चाचण्यांची केवढी तरी क्षमता त्याच्याबरोबर गेली, अमेरिकेत आयडाहोतला ट्रीट हा चाचणी रिअॅक्टर २०१७ ला परत सुरू झाला ही त्यातली जमेची बाजू. हॅच युनिट १ हा फुकुशिमाच्या युनिट ३ च्याच घराण्यातला, तेच डिझाइन, रिअॅक्टरभोवतीचं तसंच कंटेनमेंट. तिथून २४ महिन्यांनी काढलेले रॉड २०२० मध्ये अमेरिकेतल्याच ओक रिजच्या प्रयोगशाळेत गेले, जाड काचेमागे रोबोटच्या हातांनी कापून तपासायला.